दूध आटलं नाही, आपण आटवलं

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा. पुरुषांनी तर नक्कीच वाचा.

परवा 1 तारखेला आमच्या गावात जागतिक स्तनपान सप्ताहाचं उद्घाटन झालं. मी बातमीसाठी गेलो होतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, रोपटं देऊन स्वागत, सगळं रीतसर. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि तिसऱ्याच वाक्याला म्हणाले, "आजकालच्या पोरींना फिगरची काळजी. लेकराला पाजायला नको. आमच्या आईनं शेतात राबून सहा लेकरं पाजली." सभागृह हसलं. स्टेजवरचे हसले, पहिल्या रांगेतले हसले. खोटं कशाला बोलू, सवयीनं मीही हसलो.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक बाळ रडायला लागलं. अंगणवाडीच्या ताईंनी आग्रह करून आणलेली बाळंतीण होती, मांडीवर दोन-अडीच महिन्यांचं लेकरू. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पदर सावरला आणि उठून बाहेर गेली. थोड्या वेळानं मी फोन घ्यायला बाहेर आलो. ती सभागृहाच्या मागं, मोटारसायकली लावतात तिथं, भिंतीकडं तोंड करून उभ्या-उभ्या लेकराला पाजत होती. आत माइकवर आईच्या दुधाचं महत्त्व चालूच होतं.

मी मान खाली घालून परत आलो. त्या कार्यक्रमाची बातमी मी दिली नाही. ही पोस्ट हीच ती बातमी समजा.

आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे दुसऱ्यांचे सांगायला तोंड राहील. पत्रकारितेत मला वीस वर्षं होत आली. दर ऑगस्टला ही बातमी मी छापतो. प्रेसनोट येते, त्यात "मान्यवरांनी मातांना मोलाचे मार्गदर्शन केले" असं असतं, मी खाली फोटो जोडतो आणि पाठवतो. मार्गदर्शन ऐकायला आलेल्या बाईनं लेकराला पाजायचं कुठं, हा प्रश्न वीस वर्षांत मला एकदाही पडला नाही. आमच्या पानांवर आणि दिवाळी अंकात जाहिराती कुणाकुणाच्या असतात, तेही तुम्ही बघता. त्यामुळं काही प्रश्न पडूनही विचारले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. "आजकालच्या पोरी पाजत नाहीत" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. माझ्या आईच्या पिढीलाही कुणीतरी हेच म्हणत असणार. गेल्या वर्षी ते माझ्या घरात आलं, तेव्हा त्यातला खोटेपणा मला दिसला.

माझ्या भाचीचं पहिलं बाळंतपण. माहेरी, म्हणजे माझ्या ताईकडं आलेली. एका खासगी दवाखान्यात सिझर झालं. बाळ जन्मलं सकाळी आठला आणि आईजवळ आणलं दुपारी तीनला. आई शुद्धीवर होती, बाळ ठणठणीत होतं. मधल्या वेळेत बाळाला चमच्यानं पावडरचं दूध पाजून झालं होतं. सिस्टर ताईला म्हणाल्या, "पेशंटला अजून दूध नाही, खालून डबा घेऊन या." चिठ्ठी तयारच होती. मेडिकल तळमजल्यावरच होतं. डबा आणायला मीच गेलो होतो.

तिथं आम्हाला एकानंही सांगितलं नाही की पहिले दोन-तीन दिवस दूध धारेनं येतच नसतं. येतो तो चीक. पिवळसर, घट्ट, एका वेळी चमचाभरसुद्धा नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तेवढाच लागतो, कारण त्याचं पोटही तेवढंच असतं. खरं दूध उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि सिझर झालं असेल तर कधी कधी आणखी उशिरा. ते उतरावं म्हणून बाळानं सारखं ओढत राहावं लागतं. बाळ ओढेल तितकं शरीर दूध तयार करतं. डब्याचं दूध पाजलं की बाळ गुंगून झोपतं, ओढत नाही. ओढलं नाही म्हणून दूध कमी येतं. दूध कमी म्हणून आणखी डबा. चार दिवसांत "हिला दूधच नाही" हे सिद्ध होतं.

भाचीचं तसंच झालं. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, अंगात ताप. बाळाला धरता येईना, धरलं तरी नुसतं बोंड तोंडात, त्याला चिरा पडल्या. ती रडायची, बाळ रडायचं. खोलीत सतत चार बाया. एक म्हणायची आळीव दे, दुसरी म्हणायची दृष्ट लागली, तिसरी म्हणायची आमच्या वेळी असं नव्हतं बाई. जावईबापूंच्या घरून फोन यायचा, "बाळ अंगावर पितंय ना?" एकदा मी एकटाच होतो तेव्हा ती मला म्हणाली, "मामा, मला काहीच जमेना. मी आई व्हायच्या लायकीचीच नाही का?" एम.एस्सी. झालेली पोरगी. मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी कामी आली ती गावातली आशाताई. आली, हात धुतले, खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि पाऊण तास तिच्याजवळ बसली. आधी गरम फडक्यानं शेकून हातानं थोडं दूध काढायला लावलं, म्हणजे छाती मऊ पडते. मग बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं. बाळानं तोंड मोठं उघडलं की बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हे दाखवलं. दूध पुरतंय का हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका, म्हणाली. दूध नीट उतरल्यावर दिवसरात्रीत सहा-सात वेळा लघवी होते का आणि वजन वाढतं का, ते बघा. चार दिवस रोज आली. तीन आठवड्यांत डबा सुटला.

आता हा हिशेब बघा. आशाताईला बाळाच्या 42 दिवसांपर्यंतच्या सगळ्या घरभेटींचे मिळून 250 रुपये मिळतात. मी आणलेला एक डबा त्याहून महाग होता आणि आठवडाभरही पुरला नव्हता.

एकाच घरातली गोष्ट सांगून काय होतं, असं म्हणाल. मग सरकारचे आकडे घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, 2019-21. देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं 41.8 टक्के. आधीच्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, दवाखान्यातली बाळंतपणं 78.9 टक्के होती आणि पहिल्या तासाचा आकडा 41.6. म्हणजे दवाखान्यात येणाऱ्या बायका दहा टक्क्यांनी वाढल्या आणि पहिल्या तासाचा आकडा जागचा हलला नाही.

पाहुण्यांना माझा प्रश्न असा की, पहिल्या तासात बाळ कुणाच्या ताब्यात असतं? टेबलावर झोपलेली, टाके घालून घेणारी बाई त्या वेळी फिगरचा विचार करत असते का? ती तर म्हणत असते, माझं बाळ दाखवा. बाळ तिच्यापर्यंत पोचवायचं काम आपलं. त्याच सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझरची आहेत, जवळजवळ निम्मी. सिझर गरजेचं असेल तर करावंच, त्याबद्दल वाद नाही. आणि सिझरनंतरही, आई-बाळ ठीक असतील तर, बाळ लवकर छातीशी देता येतं. त्यासाठी एक माणूस तिच्याजवळ उभं लागतं. ते माणूस कुणी नेमायचं?

शेतकऱ्यांनो, तुम्हाला हे जास्त कळेल. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही. चिकावाचून वासरू दगावतं, हे तुम्हाला माहीत आहे. उरलेल्या चिकाचा खरवस करून आपण गल्लीत वाटतो. आणि घरातल्या बाळंतिणीचा चीक "जड पडेल" म्हणून पिळून टाकतो आणि बाळाला मध चाटवतो, गुळाचं पाणी देतो! दुसरी गोष्ट. अनोळखी माणूस धारेला बसला, गोठ्यात गडबड झाली, की गाय पान्हा चोरते. तेव्हा गाईला नावं ठेवता का? वासरू सोडता, आंबोण ठेवता, पाठीवरून हात फिरवता. बाईचं शरीरही तसंच आहे. दुखणं, भीती, टोमणे यांनी पान्हा अडतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण तिच्या खोलीत चार बाया आणि दहा टोमणे सोडतो.

जुनं सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. सव्वा महिना माहेरी निजवणं, शेक-शेगडी, वेळेवर गरम जेवण, कुणी पाणीसुद्धा भरू न देणं, यात मोठं शहाणपण होतं. बाळंतिणीला विश्रांती मिळत होती, बाळ दिवसभर अंगाशी राहत होतं. गंमत अशी की त्यातली विश्रांती आपण सोडून दिली आणि मध-गुटी मात्र घट्ट धरून ठेवली. एक वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये, असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. पहिले सहा महिने आईचं दूध मिळत असेल तर वरचं पाणीसुद्धा लागत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यातही नाही.

आता कायद्याकडे येऊ. बाळाच्या डब्याच्या दुधासाठी देशात 1992 सालापासून स्वतंत्र कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचं डब्याचं दूध, शिशु आहार आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला बंदी आहे. आईला फुकट नमुने किंवा भेटवस्तू द्यायला बंदी. दवाखान्यात त्यांची पोस्टरं लावायला बंदी. विक्री वाढावी म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याला पैसे किंवा भेटी द्यायला बंदी. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला बंदी, आणि आईचं दूध सर्वोत्तम असल्याची सूचना छापणं सक्तीचं. कायदा मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही पोस्ट लिहायच्या आधी मी गावातल्या तीन मेडिकलवाल्यांना विचारलं. तिघांनीही असा काही कायदा असल्याचं ऐकलं नव्हतं. एका दुकानात बाटल्यांचा मोठा रंगीत बोर्ड काउंटरवरच होता.

डॉक्टर मित्र चिडतील म्हणून स्पष्ट करतो. गरज असेल तेव्हा डॉक्टरनं डब्याचं दूध लिहून देणं गुन्हा नाही. बाळ फार कमी दिवसांचं असतं, आई अत्यवस्थ असते, कधी आईच राहत नाही. तेव्हा त्याच डब्यानं जीव वाचतो. माझी तक्रार वेगळी आहे. बाळ आणि आई दोघं ठीक असताना, एकदाही छातीशी न लावता, चिठ्ठी आधीच तयार कशी असते?

आणि जिला प्रयत्न करूनही जमलं नाही, जिनं डबा दिला, तिला मी एका शब्दानं बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. "डबा पिऊन आमची पोरं मोठी झालीच की" असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. झाली, देव करो आणि शंभर वर्षं जगोत. पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथं बाटली दर वेळी उकळून घ्यायची कशी? आणि डबा चार दिवस जास्त पुरावा म्हणून पावडर कमी, पाणी जास्त घालणारी घरं मी डोळ्यांनी बघितली आहेत. लेकराला हगवण लागली की पुन्हा त्याच दवाखान्यात. खर्च कुणाचा होतो आणि कमाई कुणाची, हे मी वेगळं सांगत नाही.

आता पाहुण्यांच्या आईकडे येऊ, जिनं शेतात राबून सहा लेकरं पाजली. त्या माउलीला माझा नमस्कार. पण ती आपल्या नाहीतर शेजारच्या शेतात होती, झोळी बांधावरच्या झाडाला होती. आजची बाई कुठं आहे?

दिवाळीच्या आसपास आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. पहाटे अंधारात फडात जायचं, बाई मोळ्या बांधते, डोक्यावर नेऊन गाडी भरते. लेकरू कोपीत थोरल्या बहिणीकडं नाहीतर फडाच्या कडेला. खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिनं दर दोन तासांनी लेकराला घ्यायचं कसं? कापडाच्या दुकानातली पोरगी बघा, सकाळी दहा ते रात्री आठ. तिला बाळंतपणाची पगारी सुट्टी विचारायचं धाडसच होत नाही, मालक दुसरी पोरगी ठेवतो.

कायद्यात सुट्टी आहे. 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा झाली, 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर पाळणाघर; पाजण्यासाठी कामाच्या वेळेत दोन सुट्ट्या तर कायद्यात आधीपासूनच आहेत. 26 आठवडे म्हणजे सहा महिने. म्हणजे सहा महिने बाळ आईजवळ पाहिजे, हे सरकारला पक्कं माहीत आहे. पण रजा मिळते पक्की नोकरी असलेलीला. उरलेल्यांसाठी मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला 5000 रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000. पाच हजार सहा महिन्यांवर वाटून बघा, दिवसाला 28 रुपयेसुद्धा पडत नाहीत. 28 रुपयांत कोणती बाई दिवसाची मजुरी सोडून घरी बसेल? आणि तिला आपण "सहा महिने निव्वळ स्तनपान" असं पत्रक वाटतो.

राहता राहिली हिरकणी. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं लेकरू उपाशी, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. तिच्या नावानं गडावर बुरूज आहे आणि तिच्याच नावानं राज्यभर कार्यालयांत, बसस्थानकांत हिरकणी कक्ष आहेत. आमच्या स्टँडवरही आहे. पाटी झकास आहे. दाराला कुलूप आहे. परवा मी किल्ली मागितली. एक म्हणाला साहेबांकडं, साहेब म्हणाले शिपायाकडं, शिपाई रजेवर. खिडकीच्या फटीतून बघितलं, तर आत मोडक्या खुर्च्या आणि जुने बोर्ड रचलेले.

गावच्या स्टँडचं काय घेऊन बसलात म्हणा. डिसेंबर 2022 मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, सगळ्यांनी फोटो काढले, कौतुक केलं. पुढच्याच अधिवेशनात, मुंबईत, हिरकणी कक्षातली धूळ आणि गैरसोय बघून त्यांना पत्रकारांसमोर रडू कोसळलं. आमदाराची ही गत, तर स्टँडवर तीन तास एसटीची वाट बघणाऱ्या बाईची काय असेल? शिवाजी महाराजांच्या काळात दरवाजा बंद होता म्हणून हिरकणी कडा उतरली. आज आपण तिच्याच नावाच्या खोलीचं दार बंद करून ठेवलं आहे.

हे होऊ शकत नाही, असं नाही. याच महाराष्ट्रात, मुंबईत सायनच्या महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध दुसऱ्या आईच्या नाजूक बाळाला. महापालिकेच्या दवाखान्यात पस्तीस वर्षांपूर्वी ते जमलं, तर आपल्याला एका खोलीची किल्ली सापडू नये?

म्हणून माझ्या साध्या मागण्या आहेत. प्रत्येक प्रसूतिगृहात, सरकारी असो की खासगी, पाजायला शिकवणारं एक माणूस ड्युटीवर असावं, रात्रीसुद्धा. डब्याची चिठ्ठी लिहिली तर कारणही लिहावं. 1992 चा कायदा मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक मेडिकलमध्ये लावावा. आशाताईंच्या कामाचे पैसे कामाच्या मोलाइतके असावेत. साखर कारखान्यांनी फडाजवळ पाळणाघर करावं. आणि हिरकणी कक्षाचं कुलूप काढावं.

काही जण विचारतील, पुरुष असून तुला यात काय कळतं? खरंच फार कळत नाही. पण स्टेजवर बोलणारे पुरुष, किल्ली ठेवणारे पुरुष, दुकानाचे मालक पुरुष, मुकादम पुरुष, आणि डबा आणायला जाणाराही मी. हे सगळं आपण केलेलं आहे, तर आपणच बोललं पाहिजे.

सप्ताह 7 तारखेला संपतो. 8 तारखेला सकाळी 11 वाजता मी स्टँडवर हिरकणी कक्षासमोर जाणार आहे. कुलूप असेल तर कुलपाचा फोटो छापीन, आणि दार उघडं, आत पंखा, पाणी, बसायला जागा असेल तर तोही फोटो तेवढ्याच मोठ्या आकारात छापीन. ज्यांना यायचं त्यांनी यावं. तुमच्या गावच्या स्टँडवर काय स्थिती आहे, तो फोटो कमेंटमध्ये टाका.

आणि प्रमुख पाहुणे, तुम्ही माझ्या यादीत आहात, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. पुढच्या वेळी भाषणाआधी सभागृहाच्या मागं एक चक्कर मारून या. मोटारसायकलींच्या पलीकडं बघा.